लेकीला आंतरराष्ट्रीय व्हायोलिन स्पर्धेत उतरवायचंय, फोंड्यात राहून तयारी कशी करावी?

फोंड्याची_आई | १४ जून, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी लेक तेरा वर्षांची आहे, व्हायोलिन वाजवते, वेस्टर्न क्लासिकल. आमच्या घरात हे संगीत कुणी ऐकलेलंसुद्धा नव्हतं. सासरे आयुष्यभर भजनात, आमचे हे पेटी वाजवतात, मी नाट्यगीतं ऐकत मोठी झाले. ही सहा वर्षांची असताना शेजारच्या वाड्यावर खुरसाकडे लदीन (ख्रिस्ती लोकांची गाऊन म्हणायची प्रार्थना) चालू होती, आम्ही नेहमीसारखे गेलो होतो, तिथे एक म्हातारे गृहस्थ उभ्याने व्हायोलिन वाजवत होते आणि ही त्यांच्या कोपराखाली जाऊन उभी राहिली ती लदीन संपून चणे वाटून झाले तरी हलेना. घरी आल्यावर म्हणाली मला ते पाहिजे. तेव्हापासून सात वर्षं मडगावला एका सरांकडे आठवड्यातून दोनदा जाते, पावसात बोरीच्या पुलावर ट्रॅफिक लागला तर परत यायला नऊ वाजतात, पण क्लास चुकवलेला नाही.

यंदा व्हायोलिनच्या परीक्षेची सातवी ग्रेड झाली, मार्क छान आले. मला वाटलं आता आठवी. तर सर म्हणाले परीक्षा पुरे, आता हिला स्पर्धेला बसवू. युरोपातली ज्युनियर गटाची स्पर्धा आहे, पहिली फेरी व्हिडिओवर, नोव्हेंबर अखेरपर्यंत पाठवायचा. बाखचं सोलो, मोझार्टच्या कॉन्चेर्तोचा (एक वाद्य पुढे, मागे ऑर्केस्ट्रा अशी रचना) पहिला भाग आणि एक छोटा पीस स्वतःच्या आवडीचा. प्रत्येक पीस सलग, मध्ये कुठेही कट नाही, चेहरा आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत, सगळं पाठ.

माझे प्रश्न असे की मोझार्टला पियानोची साथ लागते ती कुणाकडे मागायची, सरांच्या ओळखीचे दोघं आहेत पण दोघंही सीझनला बिझी. रेकॉर्डिंग कुठे करावं? आणि घरात नणंद म्हणते एवढ्याशा पोरीला जगाशी कसली शर्यत लावताय, त्याला मला नीट उत्तर देता येत नाही. खरं सांगायचं तर मलाच कळत नाहीये. जाणकारांनी सांगा.

तारषड्ज | १५ जून, सकाळी ७:१५

ताई, तुमच्या नणंदेच्या बाजूने मी बोलतो. म्हापशाला गाणं शिकवतो, वीस वर्षं झाली. स्पर्धेतून बक्षीस घेऊन आलेली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा पहिलं वर्ष त्यांचं ‘बक्षिसाचं गाणं’ उतरवण्यात जातं, कारण सात मिनिटांत आलाप, तान, सरगम सगळं दाखवायची सवय लागलेली असते, राग मांडायला धीर उरत नाही.

तुम्ही फोंडा तालुक्यातल्या, तुमच्याच तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर. १९२१ ला अल्लादियाखाँसाहेबांकडे तालीम सुरू झाली ती खाँसाहेब १९४६ ला जाईपर्यंत. पंचवीस वर्षं. ते गाणं १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातल्या तबकडीवरून सूर्यमालेच्या बाहेर निघालं. तेरा वर्षांच्या पोरीला कॅमेऱ्यासमोर उभं करून परदेशातल्या परीक्षकांनी तिचं काय मोजायचं? तिला वाजवू द्या, एवढंच माझं म्हणणं. राग मानू नका, पोटतिडकीने लिहिलंय.

साष्टीकर | १५ जून, दुपारी १:४०

मी व्हायोला वाजवतो, मडगावचाच, चर्चच्या कॉयरमध्ये सुरुवात, नंतर मुंबईत ऑर्केस्ट्रात, आता परत घरी आलोय. तारषड्ज सरांचं म्हणणं मला मनापासून पटतं आणि तरीही ताईंनी मुलीला बसवावं असं वाटतं. का ते सांगतो, थोडं मोठं होईल.

आधी एक सावधगिरी. ‘इंटरनॅशनल’ लावलेल्या ऑनलाइन स्पर्धांचा सध्या पूर आलाय. फी भरा, व्हिडिओ पाठवा, पंधरा दिवसांत गोल्ड मेडलची पीडीएफ. माझ्या पुतण्याने एकदा अशीच भरली, पहिलं बक्षीस आलं, घरात पेढे वाटले, मग यादी बघितली तर त्याच गटात पहिलं बक्षीस मिळालेली कितीतरी मुलं. पोरगा दोन दिवस बोलला नाही. तर स्पर्धा खरी आहे का ते कसं बघायचं: जिनिव्हाला १९५७ पासून आंतरराष्ट्रीय संगीत स्पर्धांची जागतिक फेडरेशन आहे, तिच्या सदस्य यादीत नाव आहे का बघा. सगळ्याच चांगल्या स्पर्धा त्यात असतात असं नाही, ज्युनियरवाल्या तर पुष्कळ बाहेर असतात, म्हणून ज्युरीत कोण आहे, मागच्या वर्षीचे विजेते आज कुठे वाजवतायत आणि दुसऱ्या फेरीला प्रत्यक्ष बोलावतात का, हेही बघा.

आता मूळ गोष्ट. आपल्याकडे गोव्यात मुलं ग्रेडच्या परीक्षा देतात. ट्रिनिटी घ्या, एबीआरएसएम घ्या, चांगल्याच परीक्षा आहेत, शंभरावर वर्षं चालू आहेत, मीही दिल्यात. पण त्यात काय असतं, तीन-चार पीस, स्केल्स, साइट रीडिंग, बंद खोलीत एक परीक्षक. मूल वर्षभर तेच तीन पीस घासतं, मार्क घेतं आणि विसरतं. आठवी ग्रेड पास झालेल्या मुलाला विचारा की अर्धा तास सलग काहीतरी वाजवून दाखव, दहातली नऊ मुलं गप्प बसतात. हात चांगले असतात हो. वाजवायला काही नसतं आणि ऐकायला कुणी नसतं.

स्पर्धेला बसायचं म्हटलं की प्रोग्रॅम बांधावा लागतो. बाखची सोलो वेगळी, मोझार्ट वेगळा, दोन्हीत गज वेगळा चालतो, हे सगळं एकाच पोरीच्या डोक्यात एकाच वेळी राहायला लागतं. निकाल काहीही लागो, ही सहा महिन्यांची तयारी तिच्याकडून कुणी काढून घेत नाही.

लहान वयाचं म्हणाल तर मेनुहिन स्पर्धा बघा, बावीसच्या आतल्या व्हायोलिनवाल्यांसाठी जगातली सगळ्यात मानाची. २०१८ ला जिनिव्हात ज्युनियर गटाचं पहिलं बक्षीस दोघांत विभागून दिलं, सिंगापूरची क्लोई चुआ अकरा वर्षांची आणि ऑस्ट्रेलियाचा क्रिस्चन ली दहा वर्षांचा. दोघांचे विवाल्डीचे व्हिडिओ आहेत, तिचा ‘विंटर’ आणि त्याचा ‘समर’, लेकीला दाखवा, पण हातांकडे बघू नकोस म्हणावं, मागच्या ऑर्केस्ट्राकडे ती मुलं कशी बघतात ते बघ. सोबत वाजवायची सवय असलेली मुलं तिथेच ओळखू येतात.

साथीचं नंतर लिहितो, आता क्लास आहे.

पुणे_ते_पणजी | १५ जून, रात्री ९:०५

मेनुहिनचा विषय निघाला म्हणून राहवत नाही. ज्या माणसाच्या नावाने ही स्पर्धा आहे त्याची गोष्ट ताईंच्या प्रश्नाला लागू पडते.

येहुदी मेनुहिन, जन्म १९१६. १९२९ ला बर्लिनमध्ये, तेरा पूर्ण व्हायच्या आधी, ब्रूनो वॉल्टर कंडक्टर असलेल्या ऑर्केस्ट्राबरोबर एकाच संध्याकाळी बाख, बेथोवन आणि ब्राम्सचे कॉन्चेर्तो वाजवले. तिन्ही! म्हणजे तुमच्या लेकीहून लहान. आणि मोठेपणी हाच माणूस अडला. लहानपणी आपसूक येत होतं, कसं येतं ते कधी तपासलंच नव्हतं, मग गजाचा हात कडक व्हायला लागला आणि जगप्रसिद्ध झाल्यावर त्याला मुळापासून सगळं शोधत बसावं लागलं. १९५२ ला तो भारतात आला, पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून, तेव्हा मुंबईत त्याची गाठ पडली आमच्या पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार गुरुजींशी. खांदे, मान, श्वास, सगळं गुरुजींनी मोकळं केलं. दोन वर्षांनी त्याने गुरुजींना घड्याळ भेट दिलं, त्याच्या मागे कोरलेलं होतं की हे माझ्या सर्वांत चांगल्या व्हायोलिनच्या शिक्षकाला. व्हायोलिन कधी हातात न धरलेल्या माणसाला!

अशा माणसाने १९८३ ला इंग्लंडमध्ये फोकस्टनला ही स्पर्धा सुरू केली. तिथे बाहेर पडलेल्या मुलांना घरी धाडत नाहीत, शेवटपर्यंत राहायला सांगतात, मास्टरक्लास असतात, एकमेकांचं ऐकतात. लहान वयात नाव झालेल्याचं पुढे काय होतं हे त्याने स्वतः भोगलेलं होतं, मला वाटतं म्हणूनच त्याने असं ठेवलं असणार. ताई, तुम्ही जिथे अर्ज करताय तिथे हरलेल्या मुलांशी कसं वागतात तेवढं शोधून काढा, तेवढ्यावर कळेल पाठवायचं की नाही.

आणि हो, लेकीच्या खांद्यांकडे लक्ष ठेवा.

डिचोलीचा_दादा | १६ जून, सकाळी ८:३०

मी वाद्यं दुरुस्त करतो. पेट्या, तंबोरे, अलीकडे व्हायोलिनंही येतात. पावसाळ्यात तयारी करणार म्हणून सांगतो, वाद्य सांभाळलं नाही तर बाकी सगळं फुकट.

व्हायोलिनचे सांधे सरसाने जोडलेले असतात, जनावराच्या सरसाने, ओल लागली की तो मऊ पडतो आणि कडेने सांधा उघडतो. घाबरायचं नाही, लाकूड तडकण्यापेक्षा सांधा सुटलेला बरा, म्हणूनच सरस वापरतात. पण घरी बसून बाजारातला पांढरा गम लावायचा नाही, हात जोडून सांगतो, गम लावलेलं व्हायोलिन उघडताना मला पोटात गलबलतं. बोटाच्या पेराने कडेकडेने टकटक करत जा, जिथे आवाज बसका आणि खुळखुळल्यासारखा येईल तिथे सांधा सुटलाय, लगेच घेऊन या.

खुंट्या फुगून घट्ट बसतात, जोर लावून पिळू नका, मोडेल. वाजवून झालं की गज सैल करायचा, रोज, घोड्याचे केस ओल पितात आणि लांबतात. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या, आठवड्याला तव्यावर मंद गरम करून परत वापरता येतात. भिंतीला टांगून ठेवायचं नाही. आणि घोडी रोज बघा, सूर लावता लावता ती पुढे झुकत जाते, झुकली तर तारा थोड्या सैल करून दोन्ही हातांनी हळूच सरळ करायची, नाहीतर ऐन रेकॉर्डिंगच्या दिवशी आडवी.

एसीत ठेवून सराव आणि मग चर्चच्या ओलसर हवेत रेकॉर्डिंग असं करू नका, दोन तास आधी जाऊन केस उघडून ठेवा.

फोंड्याची_आई | १६ जून, रात्री ११:२०

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. दादा, तुमचा मेसेज वाचून लगेच टकटक करून बघितलं, खालच्या बाजूला एके ठिकाणी आवाज वेगळा येतोय, रविवारी डिचोलीला येतो. तारषड्ज सर, राग कसला, उलट तुमचं वाचून रात्रभर विचार केला.

साष्टीकर, “ऐकायला कुणी नसतं” हे तुम्ही लिहिलंत ना, ते लागलं. सात वर्षांत हिचं वाजवणं किती जणांनी ऐकलं? सर, आम्ही दोघं, परीक्षक आणि वर्षातून एकदा क्लासचा कार्यक्रम, त्यातही प्रत्येक आईबाप आपल्या पोराचं झालं की उठतात. आजी-आजोबांनी तर पूर्ण पीस कधी ऐकलाच नाही, दार बंद करून सराव चालतो ना.

मांडवीकाठ | १७ जून, सकाळी १०:००

परीक्षकांबद्दल थोडं. तारषड्ज सरांनी विचारलं काय मोजणार, तर तिथेही भांडणं होतात. वॉर्साची पियानोची शोपँ स्पर्धा १९२७ पासून आहे, साधारण दर पाच वर्षांनी, फक्त शोपँचं संगीत. १९८० ला युगोस्लाव्हियाच्या इव्हो पोगोरेलिचला फायनलच्या आधीच बाहेर काढलं तर मार्था आर्गेरिच, जी स्वतः १९६५ ला तिथे पहिली आली होती, तिने ज्युरीचा राजीनामाच दिला. लोकांना तेवढंच आठवतं.

पण त्याच वर्षी जिंकलं कोण? व्हिएतनामचा दांग थाई सन, ही स्पर्धा जिंकणारा पहिला आशियाई. युद्ध चालू असताना हनोईचं संगीत विद्यालय खेड्यात हलवलं होतं आणि तो लहानपणी तिथे शिकला, आई पियानो शिकवायची. २०२१ ला जिंकलेला ब्रूस लिऊ त्याचा शिष्य आणि २०२५ चा एरिक लू पण त्याच्याकडे शिकलेला. मला तरी त्या राजीनाम्यापेक्षा हीच गोष्ट मोठी वाटते. युरोपबाहेरचा एक माणूस तिथे जाऊन आला की पुढच्यांना रस्ता माहीत होतो. झुबिन मेहतांचंच बघा, १९५८ ला लिव्हरपूलची कंडक्टरांची स्पर्धा जिंकले तेव्हा बावीस वर्षांचे होते, मुंबईचा मुलगा.

आणि गोव्याला तर हे संगीत नवीन नाही. शेकडो वर्षं पॅरिश शाळांत पोरांना सोल्फा (तिकडची सरगम) आणि व्हायोलिन शिकवलं, मुंबईच्या सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात पिढ्यान् पिढ्या आपली माणसं होती, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर रागांवर ऑर्केस्ट्राच्या रचना करायचे. कला अकादमीत आजही एकाच छपराखाली तबला आणि चेलो शिकवतात. आपल्याला उशीर झालाय असं वाटत असेल तर तो कशात झालाय ते शोधायला हवं, रक्तात नक्कीच नाही.

साष्टीकर | १७ जून, रात्री ९:३०

राहिलेलं लिहितो.

साथ: मोझार्टचा तिसरा कॉन्चेर्तो आहे का, जी मेजर? १७७५ चा, तेव्हा तो स्वतः एकोणीस वर्षांचा होता. त्यात ऑर्केस्ट्राचा भाग पियानोवर उतरवलेला असतो, तो वाटतो सोपा पण व्हायोलिनचा श्वास ऐकत वाजवावा लागतो. एका तालमीत होत नाही. मी ओळखीतल्या एका बाईंना विचारतो, पणजीला राहतात, पोरांसाठी वेळ काढतात. पण अट एक, शेवटच्या आठवड्यात नाही जायचं, ऑगस्टपासून पंधरा दिवसांनी एकदा जायचं.

जागा: चॅपलमध्ये करायचा मोह होईल, दिसतं छान. पण दगडी चॅपलमध्ये आवाज घुमतो आणि बाखमध्ये दोन-दोन, तीन-तीन तारा एकदम वाजतात तिथे सगळा चिखल होतो. जुन्या गोवेकरी घरातली साल, म्हणजे मोठा दिवाणखाना, मिळाली तर उत्तम, लाकडी जमीन, वर लाकडाचं छत, जाड पडदे.

फोन: फोनवर रेकॉर्ड करत असाल तर तो आवाज आपोआप वरखाली करतो, हळू वाजवलेलं मोठं करतो आणि मोठं वाजवलेलं दाबतो, ज्युरीला वाटतं पोरीला डायनॅमिक्स येत नाहीत. ते सेटिंग बंद करता येत असेल तर करा, नाहीतर वेगळा रेकॉर्डर मागून आणा, दोन-अडीच मीटरवर ठेवा.

आणि ताई, नोव्हेंबरच्या आधी तिला निदान दहा वेळा माणसांसमोर वाजवू द्या. कुठेही. घरी, बाल्कनीत, कुणाच्या वाढदिवसाला. माणसं ओळखीची असोत नसोत, त्यांना बाख कळो न कळो.

फोंड्याची_आई | २४ ऑगस्ट, रात्री ११:४५

दोन महिन्यांनी लिहितेय, पण आज जे झालं ते इथेच सांगायला हवं होतं.

साष्टीकरांचे दहा वेळा मोजत होतो. चार झाले होते, दोन नातेवाइकांकडे, एक पणजीच्या बाईंच्या घरी, एक शाळेत. आज आमच्या गावच्या देवळात श्रावणातलं भजन होतं. सासरे सकाळी म्हणाले, नातीला घेऊन चला, मधल्या वेळेत वाजवू दे. मला धास्ती, लोक काय म्हणतील, देवळात हे कसलं वाजवणं. सासऱ्यांनी कुणाला विचारलंही नाही, सभामंडपात सरळ जाहीर केलं की आमची नात देवाला एक चीज वाजवून दाखवते.

बाहेर धो धो पाऊस. पन्नासेक माणसं, पखवाज बाजूला, झांजा मांडीवर, कुणी पान लावतंय. ही उभी राहिली, डोळे मिटले आणि बाखची साराबांद सुरू केली, म्हणजे संथ नाचाच्या चालीची रचना, दुसऱ्या पार्टितातली (अशा नाचांच्या मालिकेतली), डी मायनर. १७२० च्या हस्तलिखितातली रचना आमच्या देवळात समईच्या उजेडात. पहिली ओळ थोडी थरथरली, मला इथे बसून तिच्या मनगटात दिसत होतं. मग सावरली. पावसाचा आवाज एवढा की हळू भाग ऐकू येईना, तर तिने काय करावं, हळू भाग मोठा नाही केला, थोडा थांबून वाजवला, आणि माणसं पुढे सरकली. पान लावणाऱ्याचा हात थांबला होता.

संपल्यावर टाळ्या नाहीत, आपल्याकडे देवळात नसतातच. क्षणभर सगळे गप्प. मग आमचे पखवाजवाले आजोबा, ऐंशीच्या पुढचे, त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि विचारलं, “गो बाय, तुजी सम दुसरे मात्रेर पडटा न्हू?”

ती बघतच राहिली. तीन मात्रांचा ठेका आहे आणि वजन दुसरीवर येतं, हेच साराबांदचं वैशिष्ट्य, सर तिला सहा महिने हेच सांगतायत, दुसऱ्या बीटवर झुक, पहिलीवर आपटू नकोस. पुस्तकात लिहिलंय, यूट्यूबवर दाखवलंय. तिला ते कळत होतं पण हातात येत नव्हतं. आणि इथे बाखचं नावही न ऐकलेला माणूस एकदा ऐकून तेच विचारतो. आजोबांनी मांडीवर हाताने मात्रा धरली, एक सोडून दोनवर थाप, एक सोडून दोनवर थाप, आणि म्हणाले आता परत वाजव. तिने परत वाजवलं. आजोबांच्या हाताकडे बघत. काय सांगू तुम्हाला, तो पीस वेगळाच झाला, चालायला लागला तो.

परत येताना गाडीत म्हणाली, आई, आजोबांसाठी वाजवताना मला चुकायची भीती वाटली नाही, ते पुढे काय होतंय ते ऐकत होते.

तारषड्ज सर, तुम्ही म्हणाला होतात वाजवू द्या. आज वाजवलं हो तिने.

तारषड्ज | २५ ऑगस्ट, सकाळी ६:४०

ताई, डोळ्यांत पाणी आलं. त्या पखवाजवाल्या आजोबांना माझा साष्टांग नमस्कार सांगा. माझा स्पर्धांना विरोध आहे तो आहेच, पण स्पर्धेच्या निमित्ताने पोर देवळात उभी राहिली हे मी नाकारू शकत नाही. नोव्हेंबरच्या आधी एकदा आमच्याकडे म्हापशाला या. महिन्याची बैठक असते, माझी मुलं गातात, मधे ती वाजवेल. तंबोऱ्यापुढे बसून बाख कसा लागतो ते मलाही ऐकायचंय.

साष्टीकर | २५ ऑगस्ट, सकाळी ९:१०

दुसऱ्या मात्रेवरची सम! मी हा पीस तीस वर्षं वाजवतोय आणि असं कधी सुचलं नव्हतं. उद्या माझ्या विद्यार्थ्यांना हेच सांगणार.

डिचोलीचा_दादा | २५ ऑगस्ट, सकाळी ९:३०

एवढ्या पावसात देवळात नेलं होतं तर घरी येऊन तारा पुसल्या ना? गज सैल केला ना?

फोंड्याची_आई | २५ ऑगस्ट, दुपारी २:००

केला दादा, रात्रीच. सांधा पण धरून आहे.

फोंड्याची_आई | २७ नोव्हेंबर, रात्री १२:३०

पाठवला व्हिडिओ, आत्ता अर्ध्या तासापूर्वी.

लोटलीला एका ओळखीच्यांच्या जुन्या घराची साल मिळाली. दिवसभर रेकॉर्डिंग. पहिल्या टेकला कुत्रा, दुसऱ्याला मासळीवाल्याचा भोंगा, तिसऱ्याला ऐन कॅडेन्झात, म्हणजे एकटीने वाजवायच्या भागात, वीज गेली. मोझार्टचा सातवा टेक ठेवला. त्यात एके ठिकाणी चौथं बोट जरा खाली लागलंय, पाचव्या टेकमध्ये एकही चूक नव्हती, पण लेकीने सातवाच निवडला. म्हणाली पाचव्यात मी नुसती सांभाळून वाजवतेय, सातव्यात पियानोशी बोलतेय. सर आणि पणजीच्या बाई दोघांनी तिच्यावर सोडलं. मला पाचवा पाठवायचा होता, मी गप्प बसले.

बाख मात्र एका टेकमध्ये. कॅमेऱ्याच्या मागे तिने पखवाजवाल्या आजोबांना बसवून घेतलं होतं, सकाळी गाडी पाठवून आणलं फोंड्याहून.

मांडवीकाठ | २७ नोव्हेंबर, सकाळी ८:००

सातवाच बरोबर. शुभेच्छा बाळा.

फोंड्याची_आई | ६ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:१५

निकाल आला. पुढच्या फेरीत निवड नाही झाली.

दोन ओळींची ईमेल होती, पण खाली एका परीक्षकाची टिप्पणी होती, ती सगळ्यांना देतात की नाही माहीत नाही. मोझार्टमध्ये गजाच्या टोकाकडे आवाज पातळ होतो, त्यावर काम करावं असं लिहिलंय. आणि बाखबद्दल एवढंच की नृत्याची चाल अतिशय जिवंत आहे, शिक्षकांचं अभिनंदन. सरांनी ती ओळ वाचली आणि म्हणाले हे अभिनंदन माझं नाही, ज्यांचं आहे त्यांना पोचवा. आम्ही तसेच देवळाकडे गेलो. आजोबांना कोकणीत सांगितलं काय लिहिलंय ते. त्यांनी विचारलं, मग परत कधी पाठवायचं?

लेक रडली, खोटं कशाला बोलू, शनिवारी दिवसभर केस उघडली नाही. मी काही बोलायला गेले नाही. रविवारी सकाळी उठून बघते तर आरशासमोर उभी, नुसता गजाच्या टोकाचा सराव चाललाय, एकच सूर, लांब.

तारषड्ज | ६ फेब्रुवारी, रात्री ८:३०

तो एकच सूर लांब लावणं आमच्याकडेही असंच असतं, पहाटेचा षड्ज. तिला माझा आशीर्वाद सांगा. ताई, आता मूळ प्रश्नाकडे येऊ का? म्हापशाच्या बैठकीला ती आली तेव्हा माझ्या मुलांनी मला नंतर आठवडाभर प्रश्न विचारून हैराण केलं होतं. हे दर महिन्याला व्हायला हवं, आणि फोंड्यात व्हायला हवं, म्हणजे मडगाव, पणजी, डिचोली, म्हापसा सगळ्यांना यायला जमेल.

साष्टीकर | ६ फेब्रुवारी, रात्री ९:००

मी तयार. माझे चार विद्यार्थी आहेत, त्यातला एक चेलोवाला, त्याला सोबत वाजवायला कुणी मिळतच नाही. नियम एकच ठेवू, स्वतःचं झालं की उठून जायचं नाही, आईबापांनीसुद्धा.

फोंड्याची_आई | ६ फेब्रुवारी, रात्री १०:१०

आमची पडवी मोठी आहे, चाळीस माणसं आरामात बसतील, सासरे आत्ताच सतरंज्या मोजतायत. महिन्याचा पहिला रविवार, संध्याकाळी साडेचार, म्हणजे लांबच्यांना अंधाराच्या आधी निघता येईल. पियानो नाही आमच्याकडे, कुणाकडे डिजिटल असेल आणि गाडीत मावत असेल तर सांगा. पखवाज आहे.

पुणे_ते_पणजी | ६ फेब्रुवारी, रात्री १०:२५

डिजिटल पियानो माझ्याकडे आहे, पूर्ण अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा. स्टँड मोडलाय, टेबल लागेल.

डिचोलीचा_दादा | ६ फेब्रुवारी, रात्री १०:४०

स्टँड घेऊन या, तिथेच बसवून देतो. येताना सरस पण आणतो, कुणाचं काही सुटलेलं असेल तर.